टेबल मावतं, क्यू मावत नाही: घरासाठी पूल टेबलाचा आकार कसा ठरवावा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत पूल टेबल बसवून झालं. फिटरने स्पिरिट लेव्हल पिशवीत टाकली आणि जाता जाता गंमत म्हणून पांढरा बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या आतल्या रबरी कडेला, चिकटवून शॉट मारायला वाकला. क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, मागे ओढला, तसं त्याचं बूड भिंतीवर ठक्कन आपटलं. तो सरळ झाला, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, टेबल मावलंय. पण खेळणार कुठून?"

चूक माझीच होती. मी टेप लावलीच नव्हती. आर्किटेक्टच्या नकाशावर खोली १७ फूट बाय साडेतेरा होती आणि त्या आकड्यांवर ८ फुटी टेबल काठोकाठ बसत होतं. पण नकाशातलं माप विटेपासून विटेपर्यंतचं. त्यावर दोन्हीकडून प्लास्टर आणि पुट्टी चढली, एका आखूड भिंतीवर टीव्हीसाठी पाच इंच जाडीचं पॅनेलिंग झालं आणि हातात उरली १६ फूट ५ इंच बाय १३ फूट ४ इंच. लांबीत सात इंच गेले, रुंदीत दोन.

पुढची दोन वर्षं आम्ही एका बाजूचे शॉट खिडकीची काच सरकवून, क्यूचं बूड गजांच्या मधून बाहेर काढून मारले. बाकीच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला रुपयाएवढे गोल ठसे उमटले. शेवटी ते टेबल विकलं आणि ७ फुटी आणलं. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून हा सगळा हिशेब लिहितोय.

"८ फुटी" म्हणजे नेमकं किती?

दुकानात टेबलाचा आकार फुटांत सांगतात, पण तुमच्या कामाचं माप वेगळं आहे: समोरासमोरच्या दोन कुशनच्या कडांमधलं अंतर, म्हणजे बॉल प्रत्यक्ष जिथे फिरतो ती जागा. ती नेहमी रुंदीच्या दुप्पट लांब असते. ७ फुटी टेबलात ती साधारण ७८ बाय ३९ इंच, ८ फुटीत ८८ बाय ४४, आणि ९ फुटीत १०० बाय ५०. आंतरराष्ट्रीय स्पर्धा ९ फुटीवर होतात.

यात घोळ असा, की ८ फूट म्हणजे ९६ इंच, आणि ८८ हा आकडा त्यात कुठेच दिसत नाही. बाहेरची लाकडी चौकट प्रत्येक बाजूला सहा-सात इंच खाते, त्यामुळे आतून मोजा की बाहेरून, नावातला आकडा कधीच तंतोतंत जुळत नाही. कुणी विक्रेता बाहेरचं माप सांगतो, कुणी आतलं. "८ फुटी" म्हणून ९२ बाय ४६ इंचांचं मोठं टेबलही विकलं जातं. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारायचा: कुशनपासून कुशनपर्यंत किती इंच? आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्यायचं.

अजून एक गल्लत. पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स हे तीन खेळ आपल्याकडे एकाच शब्दात कोंबले जातात. जिमखान्यात लहानपणी पाहिलेलं ते अवाढव्य टेबल म्हणजे १२ बाय ६ फुटी. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत स्नूकर जन्मलं ते बिलियर्ड्सच्या टेबलावर. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले तेही १२ फुटीवर. त्या टेबलाला साधारण २२ बाय १६ फुटांची खोली लागते. ते चित्र डोळ्यासमोर असेल, तर शोरूममधलं ८ फुटी टेबल खेळण्यातलं वाटतं आणि आपण "हे तर सहज बसेल" म्हणून मोकळे होतो. माझं तसंच झालं होतं.

खरी जागा क्यू खातो

नेहमीचा क्यू ५७ ते ५८ इंच लांब असतो. ५८ धरा, म्हणजे ४ फूट १० इंच. सगळ्यात अडचणीचा शॉट तो, जेव्हा पांढरा बॉल कुशनला चिकटलेला असतो आणि तुम्हाला समोर मारायचं असतं. तेव्हा जवळजवळ अख्खा क्यू टेबलाच्या बाहेर असतो. वर मागे ओढायला किमान सहा इंच हवेत. ५८ अधिक ६, म्हणजे ६४ इंच. समोरच्या बाजूलाही तेवढेच. दोन्ही मिळून १२८.

म्हणजे हिशेब एका वजाबाकीचा आहे. खोलीची लांबी आणि रुंदी इंचांत काढा आणि दोन्हींतून १२८ वजा करा. जे उरेल तेवढं टेबल तुम्ही मोकळेपणाने ठेवू शकता, आणि तेही आतल्या मापाचं.

उदाहरणार्थ १८ बाय १४ फुटांची खोली घ्या. चांगली प्रशस्त वाटते. २१६ मधून १२८ गेले, ८८ राहिले. लांबीला ८ फुटी टेबल अगदी फिट्ट. पण रुंदीला १६८ मधून १२८ गेले की उरतात ४०, आणि ८ फुटीला हवेत ४४. म्हणून ही खोली ७ फुटीची. बहुतेक वेळा रुंदीच दगा देते, कारण आपल्या खोल्या लांबट असतात आणि आपण लांबी बघून खूश होतो.

उलट बाजूने सांगायचं तर, ७ फुटीला साधारण १७ फूट २ इंच बाय १३ फूट ११ इंच लागतात, ८ फुटीला १८ बाय १४ फूट ४ इंच आणि ९ फुटीला १९ बाय १४ फूट १० इंच. विक्रेत्यांच्या तक्त्यात यापेक्षा जवळजवळ फूटभर कमी आकडे दिसतात. ते खोटे नसतात. फक्त त्यात क्यू मागे ओढायची जागा धरलेली नसते. माझ्या खोलीत बाजूच्या भिंतींशी बरोबर ५८ इंच उरत होते. क्यू मावत होता. त्याला हलवायला जागा नव्हती.

चादर आणि झाडूचा दांडा

पैसे देण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढा. टेप स्टीलचीच घ्या; शिंप्याची कापडी टेप ताणली जाते. खोली तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये, कारण भिंती समांतर असतातच असं नाही. सर्वांत लहान आकडा खरा माना. माप स्कर्टिंगपाशी न घेता जमिनीपासून तीन फुटांवर घ्या. क्यूचं बूड त्याच उंचीवर फिरतं.

मग सिंगल बेडची चादर काढा. ती बहुधा ९० बाय ६० इंचांची असते. रुंदीत १६ इंच आत दुमडली आणि लांबीत दोन, की झालं ८ फुटी टेबल. ७ फुटीसाठी ७८ बाय ३९ करा. घरातल्या दिवाणापेक्षा ते थोडंसंच मोठं भरतं. चादर खोलीच्या मधोमध अंथरा. झाडूचा किंवा पोछ्याचा दांडा ५८ इंचांवर कापा, किंवा तेवढ्यावर चिकटपट्टी लावून खूण करा. आता चादरीच्या कडेला प्रत्येक बाजूने वाका आणि दांडा मागेपुढे ओढून बघा. चारही कोपऱ्यांतून तिरकेही करा. कोपऱ्यात बहुतेकदा जागा जास्त मिळते, कारण क्यू खोलीच्या कर्णावर जातो. अडतो तो भिंतीला काटकोनात मारताना.

हे करताना घरचे हसतील. आमच्या आईने विचारलं होतं, "पोछा मारतोयस की बंदूक चालवतोयस?" चालतं.

दांडा फिरवताना टेपला न दिसलेल्या गोष्टी सापडतात. भिंतीबाहेर आलेला आरसीसी खांब. आत उघडणारं दार. खिडकीची पुढे आलेली ग्रॅनाइटची पट्टी, खाली लावलेला एसी, कपाटाची मूठ. खांब असेल तर खोलीची रुंदी खांबापासूनच धरा, मग तो नऊच इंच बाहेर असला तरी.

पण उंचीने कमी असलेल्या वस्तू आड येत नाहीत. टेबलाचा पृष्ठभाग जमिनीपासून सुमारे ३० इंचांवर असतो आणि क्यू त्याच्याही वरून जातो. त्यामुळे भिंतीलगत भारतीय बैठक, बुटका दिवाण किंवा ट्रंक खुशाल ठेवा. उंच पाठीचा सोफा नको. बैठकीवर बसलेल्या पाहुण्याने मात्र शॉटच्या वेळी मान वाकवायची, नाहीतर त्याच्या दातांची जबाबदारी तुमची.

एक बाजू भिंतीऐवजी जेवणाच्या जागेत किंवा पॅसेजमध्ये उघडत असेल, तर ती मोकळी जागा तुमच्याच खात्यात धरा. बंगल्यांतले एल आकाराचे हॉल याचमुळे कामी येतात.

थोडक्यात हुकत असेल तर

दोन-चार इंचांनी हुकतंय म्हटल्यावर विक्रेता लगेच म्हणतो, छोटा क्यू देतो. तो उपाय आहे, पण कितपत चालतो ते समजून घ्या. ५२ इंची क्यूची सवय आठवड्यात होते. ४८ इंची एखाद्या अडचणीच्या जागेपुरता ठीक. तो हलका असतो आणि मागच्या हाताचा तोल बदलतो. ३६ इंची हे मुलांचं खेळणं. सगळा खेळच ४८ इंचीने खेळायचा असेल, तर टेबल चुकलंय असं समजा आणि एक आकार खाली या.

दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच कमी पडत असतील, तर टेबल बरोबर मध्यावर ठेवायचा हट्ट सोडा. एका बाजूला सरकवा. तीन बाजू पूर्ण मोकळ्या आणि एकाच बाजूला छोटा क्यू, ही व्यवस्था दोन्हीकडे कुचंबण्यापेक्षा कितीतरी बरी. मला हे टेबल जोडून झाल्यावर सुचलं. तोवर उशीर झाला होता.

सध्याच्या ७ फुटीचं सांगतो. पॅनेलिंग उखडून टीव्ही साध्या ब्रॅकेटवर घेतला, पाच इंच परत आले. आता लांबीच्या दोन्ही टोकांना ६२ इंच आहेत, बाजूंना साडेसाठ. नियमाने हे अजूनही थोडं कमीच. नव्वद टक्के शॉट पूर्ण क्यूने बसतात, उरलेल्यांसाठी ५२ इंची स्टँडवर तयार असतो.

वजन, जिना आणि खालचे शेजारी

चांगल्या टेबलाचा तळ दगडी पाटीचा, म्हणजे स्लेटचा असतो. जाडी पाऊण ते एक इंच. ८ फुटी टेबलात एक इंची स्लेटच दोनशे किलोच्या आसपास भरते. चौकट आणि पाय धरून अख्खं टेबल साडेतीनशे ते साडेचारशे किलोंवर जातं. स्वस्तातल्या टेबलांत मार्बल किंवा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, असतं. मार्बल वजनाला स्लेटच्याच जवळपास. एमडीएफ हलकं, पण कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ते ओल धरून फुगतं आणि बॉल आपोआप एकीकडे सरकू लागतो. तिथे राहत असाल तर एमडीएफ घेऊच नका असं मी स्पष्ट सांगेन.

मजला हे पेलेल का? आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार राहत्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोंच्या वापराच्या भारासाठी काढलेला असतो. ४०० किलोंचं टेबल साधारण पावणेचार चौरस मीटर व्यापतं, म्हणजे चौरस मीटरमागे शंभर-सव्वाशे किलो. सुस्थितीतल्या आरसीसी स्लॅबला हे जड नाही. पण भार चार पायांवर एकवटतो, म्हणून बाहेर झुकलेल्या गॅलरीवर टेबल नको. जुन्या वाड्याची माडी, सागवानी तुळयांचा मजला किंवा लोखंडी सांगाड्यावरचा पोटमाळा असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. वाड्यातली तुळई बाहेरून ठणठणीत दिसते आणि भिंतीत शिरलेलं टोक वाळवीने पोखरलेलं असतं.

वर चढवायचं कसं? तीन तुकड्यांची स्लेट मागा. ८ फुटीचा एकेक तुकडा सत्तरेक किलोंचा असतो, तो दोन-तीन माणसं जिन्याने नेतात आणि तो बऱ्याच लिफ्टमध्येही मावतो. एकसंध स्लेट जिन्याच्या वळणावर अडकली की अडकली. चौकटीच्या लांब फळ्यांसाठी जिन्याचं लँडिंग मोजून ठेवा.

फ्लॅटमध्ये असाल तर खाली कोण राहतं याचाही विचार करा. बॉल नळीतून घरंगळत एका टोकाला जमा होणारी टेबलं रात्री फार आवाज करतात. जाळीच्या पॉकेटची शांत असतात. फरशीवर पडलेल्या बॉलला मात्र दोन्हींत इलाज नाही, गालिचा घाला.

गच्चीवरच्या खोलीचं गणित वेगळं

बंगल्यात आणि रो-हाऊसमध्ये पूल टेबलासाठी हमखास गच्चीवर शेड टाकली जाते. जागा भरपूर मिळते, पण गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. शंभरास एक असा उतार धरला, तर ८ फुटी टेबलाच्या ८८ इंचांत जवळपास पाऊण-एक इंचाचा फरक पडतो. पायांचे स्क्रू काही प्रमाणात हे सावरतात, पण स्पर्धेच्या टेबलाला लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक चालतो हे लक्षात घेतलं, की हा उतार किती मोठा ते कळतं. तिथे आधी फरशी सपाट करून घ्या.

दुसरं, पत्र्याखालचं ऊन. एप्रिल-मे महिन्यांत लाकूड तडकतं, पावसात कापड दमट होऊन बॉल मंदावतात. छताला इन्सुलेशन आणि चारही बाजूंनी बंद भिंती, एवढं होणार नसेल तर खालची लहान खोली आणि एक आकार लहान टेबल घ्या. क्यू भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका, वाकतात. उभ्या स्टँडमध्ये ठेवा.

डोक्यावरचा पंखा

याकडे कुणी बघत नाही. खोलीच्या मध्यावर पंखा असतो आणि टेबलही मध्यावरच येतं. वाऱ्याने बॉल हलत नाहीत, ती काळजी नको. पण दिवे पंख्याच्या वर, छतात असले, तर पात्यांच्या सावल्या हिरव्या कापडावर भराभर फिरत राहतात. पांढऱ्या बॉलची कडच नजरेत ठरत नाही आणि अर्ध्या तासात डोकं धरतं. पंखा काढून भिंतीवरचे दोन पंखे लावा आणि टेबलावर लांबट दिवा लटकवा, पृष्ठभागापासून ३२ ते ३६ इंच वर. सावली पडू नये म्हणून दिव्याची लांबी टेबलाच्या निम्म्याहून जास्त ठेवा.

क्यू जवळजवळ उभा धरून मारायचा शौक असेल, तर उंचीही मोजा. ३० इंचांचं टेबल, त्यावर ५८ इंचांचा क्यू, म्हणजे बूड सुमारे साडेसात फुटांवर आणि तुमचा हात जवळपास तिथेच. पंख्याची पाती बऱ्याच घरांत आठ फुटांवर असतात.

मग कोणतं घ्यावं?

घरासाठी ७ फुटी हा माझा सरळ कौल. अमेरिकेतल्या बारमध्ये आणि तिथल्या लीगमध्येही ७ फुटीच खेळतात, त्यामुळे ते कमअस्सल टेबल आहे हा गैरसमज नको. आजोबा-नातवंडं, पाहुणे, नवशिके, सगळ्यांचा डाव वेळेत संपतो. ८ फुटी तेव्हाच, जेव्हा वजाबाकी दोन्ही बाजूंनी उत्तीर्ण होते आणि घरात कुणीतरी रोज खेळणारं आहे. ९ फुटी फक्त स्पर्धेत उतरणाऱ्याने घ्यावं. लांब शॉटची सवय त्याला ७ फुटीवर लागणार नाही.

आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर? बेडरूम १२ बाय १० असेल, तर १२० मधून १२८ वजाच होत नाहीत. डायनिंग टेबलाखाली पूल लपवलेली टेबलं मिळतात, पण क्यूला लागणारी जागा त्यांनाही तेवढीच लागते, शिवाय डाव सुरू करण्याआधी सहा खुर्च्या कुठे ठेवायच्या हा रोजचा प्रश्न. अशा घरात कॅरम बोर्ड आणा. स्ट्रायकर बोटाने मारतात.

ऑर्डर दिलीच, तर फिटर यायच्या आदल्या दिवशी फरशीवर खडूने टेबलाची मधली रेघ आणि चारही पायांच्या जागा आखून ठेवा. स्लेटचे तुकडे जोडून सांधे भरले आणि कापड ताणलं, की टेबल इंचभरही सरकवायचं नसतं. सरकवलं तर सांधा उघडतो आणि पुन्हा सगळं सोडावं लागतं. स्लेट चौकटीवर ठेवून झाल्यावर, सांधे भरायच्या आधी, फिटरला थांबवा, चारही बाजूंना कुशनची कड जिथे येईल तिथे पांढरा बॉल आळीपाळीने ठेवा आणि क्यू मागे ओढून बघा. पैसे त्यानंतर.